एका फटक्यात चार क्वेरी मारणाऱ्या नवीन पोरांसाठी

कॉलेज संपवून कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात लागलो, तिथं पहिलंच काम आलं ते मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीचं, पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये. एक सौदा झाला की चार नोंदी पडायच्या, बिल, रव्यांची (गुळाच्या ढेपांची) वजनं, हमाली-तोलाईची वजावट आणि शेवटी शेतकऱ्याच्या खात्यावर जमा. मी चारही क्वेरी (डेटाबेसला द्यायच्या आज्ञा) सेमिकोलन लावून एकाच स्ट्रिंगमध्ये जोडल्या आणि नेहमीच्या क्वेरी फंक्शनला दिल्या, तर सिंटॅक्स एरर, कारण ते एका वेळी एकच स्टेटमेंट घेतं. मग अनेक स्टेटमेंट एकदम घेणारं मल्टी_क्वेरी फंक्शन सापडलं. ते चाललं, पण लगेच पुढच्या क्वेरीला 'कमांड्स आउट ऑफ सिंक' आलं. सर्व्हर प्रत्येक स्टेटमेंटचा रिझल्ट वेगळा पाठवतो, ते सगळे नेक्स्ट_रिझल्टचा लूप लावून संपवल्याशिवाय त्या कनेक्शनवर दुसरं काही चालत नाही. लूप लावला, एरर गेली.

खरा घोळ आठवड्याभरानं कळला. पन्हाळ्याकडचे एक काका हातात पट्टी (सौद्याच्या हिशोबाचा कागद) घेऊन आले, म्हणाले, "पट्टीवर रक्कम हाय, खात्यावर न्हाई, हे कसं काय बाळा?" मला उत्तर देता येईना. रात्रभर बसून शोधलं तेव्हा दिसलं की मल्टी_क्वेरी जे ट्रू देतं ते फक्त पहिल्या स्टेटमेंटचं असतं, बाकीच्यांची एरर नेक्स्ट_रिझल्टच्या वेळी तपासावी लागते आणि ती मी तपासलीच नव्हती. काकांच्या नोंदीतला तपशील कॉलमपेक्षा लांब होता म्हणून चौथी क्वेरी फेल, आणि पहिल्या तीन ऑटोकमिटमुळं (प्रत्येक स्टेटमेंट झालं की लगेच पक्कं होतं) कायमच्या बसलेल्या. एकाच कॉलमध्ये पाठवलं म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच होणार नाही, असं मी धरून चाललो होतो, आणि तसं अजिबात नसतं भावांनो. त्यासाठी ट्रान्झॅक्शन लागतं, म्हणजे सगळ्या क्वेरी एका गठ्ठ्यात बांधायच्या, एकतर सगळ्या पक्क्या नाहीतर सगळ्या रद्द.

आता मी असं करतो, बिगिन, मग चार वेगळी प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आधी, व्हॅल्यू वेगळ्या द्यायच्या), सगळं नीट झालं तर कमिट म्हणजे पक्कं, मध्ये एक्सेप्शन आलं तर रोलबॅक म्हणजे सगळं मागं (पीएचपी 8.1 पासून मायएसक्यूएलआय, म्हणजे पीएचपीचं मायएसक्यूएलशी बोलणारं एक्स्टेन्शन, आपणहून एक्सेप्शन टाकतं, त्याआधी ते चालू करावं लागायचं). बिलाचा आयडीसुद्धा पहिल्या इन्सर्टनंतर सरळ मिळतो. स्पीडची काळजी असेल तर पन्नास रव्यांच्या पन्नास इन्सर्ट कशाला, एकाच इन्सर्टमध्ये व्हॅल्यूजच्या पन्नास ओळी द्या, सर्व्हरकडं एकच फेरी होते. टेबलाचं स्टोरेज इंजिन इनोडीबीच पाहिजे हां, मायआयसॅम या दुसऱ्या इंजिनवर रोलबॅक होतच नाही.

नोडच्या मायएसक्यूएल पॅकेजात मल्टिपल स्टेटमेंट्स आणि जावात अलाउ मल्टी क्वेरीज ही एका स्ट्रिंगमध्ये अनेक क्वेरी चालू देणारी सेटिंग दोन्हीकडं मुळात बंद असतात, ते उगाच चालू करू नका. चालू असताना युजरनं टाकलेलं नाव तुम्ही थेट स्ट्रिंगमध्ये जोडलं तर कुणीही कोट आणि सेमिकोलन टाकून मागं स्वतःची डिलीट क्वेरी चिकटवू शकतो. टेबलं तयार करायच्या स्क्रिप्टला मल्टी_क्वेरी वापरा, चालतंय, फक्त मायएसक्यूएलमध्ये क्रिएट, आल्टर आलं की आधीचं आपोआप कमिट होतं, तिथं रोलबॅकवर विसंबू नका.

आणि कोड देण्याआधी शेवटची क्वेरी मुद्दाम मोडून रन करा, मग टेबल उघडून बघा, पहिल्या तीन नोंदी राहिल्यात का गेल्यात.