हॉबगॉब्लिन कोण होता? उत्तर देण्याआधी या चुका टाळा

स्पायडर-मॅनच्या खलनायकांवर मराठीत आता बऱ्यापैकी लिहिलं-बोललं जातं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण विषय हॉबगॉब्लिनकडे वळला की त्याच त्या चुका पुन्हा दिसतात. मुखवटा एक, घालणारे अनेक, आणि त्यात लेखकांनी मध्येच उत्तर बदललेलं. घाईने वाचणारा इथे हमखास घसरतो. मला सगळ्यात जास्त खटकणाऱ्या दोन चुकांवर इथे सविस्तर लिहिलं आहे, बाकीच्या थोडक्यात आटोपल्या आहेत.

ग्रीन गॉब्लिन आणि हॉबगॉब्लिन एकच समजणं

ग्रीन गॉब्लिन १९६४ चा, ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १४व्या अंकातला. त्या नावालाही वारस मिळाले: आधी उद्योगपती नॉर्मन ऑस्बॉर्न, १९७४ मध्ये त्याचा मुलगा हॅरी आणि १९७८ मध्ये हॅरीवर उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ बार्ट हॅमिल्टन. हॉबगॉब्लिन आला तो याच मालिकेच्या मार्च १९८३ च्या २३८व्या अंकात (पुढचे नुसते अंकांचे आकडेही याच मालिकेचे). लेखक रॉजर स्टर्न, चित्रकार जॉन रोमिटा ज्युनियर. जॉर्ज हिल नावाचा भुरटा चोर स्पायडर-मॅनपासून पळताना ऑस्बॉर्नच्या गुप्त अड्ड्यात पोचतो, तिथलं घबाड एका माणसाला दाखवतो आणि जिवाला मुकतो. त्या माणसाचा चेहरा आपल्याला दाखवलेला नाही. तो ऑस्बॉर्नचं ग्लायडर (उभं राहून उडायचं यंत्र), भोपळा-बॉम्ब आणि टिपणवह्या उचलतो, हिरव्या-जांभळ्याऐवजी नारिंगी झगा आणि निळा पोशाख घालतो आणि धंद्याला लागतो.

फरक पोशाखापुरता नाही. अफाट ताकद देणाऱ्या रसायनाने ऑस्बॉर्नचं डोकं फिरलं होतं. या नव्या माणसाचं डोकं जागेवर आहे. तो हिशेबी आहे, लोभी आहे, ऑस्बॉर्नच्या कागदपत्रांतून बड्या लोकांची गुपितं काढून त्यांना धमकावतो. आजोबांच्या वाड्यात नातू राहायला यावा तसा हा वारसा नाही, ही सरळ चोरी आहे. हे लक्षात घेतलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

‘पहिला हॉबगॉब्लिन नेड लीड्स’ असं छातीठोकपणे सांगणं

ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी चूक.

पुण्यात कॉमिक्स वाचणाऱ्यांच्या एका मेळाव्यात प्रश्नमंजुषा होती. दोन संघ बरोबरीत होते. निर्णायक प्रश्न आला: हॉबगॉब्लिनचा मुखवटा सर्वात आधी कोणाचा? अकरावीतल्या एका मुलीने उत्तर दिलं, ‘रॉडरिक किंग्सली.’ परीक्षकांनी मान हलवली आणि ‘नेड लीड्स’ असं जाहीर केलं. मुलगी खाली बसली नाही. परीक्षकांनी पुरावा म्हणून एका जाडजूड संदर्भग्रंथाची छायाप्रत दाखवली. त्यात खरोखरच लीड्सचं नाव होतं. ती शांतपणे म्हणाली, ‘सर, हे पुस्तक कधीचं आहे?’

पुस्तक १९९७ च्या आधीचं होतं. छापलं तेव्हा ते बरोबर होतं. मी प्रेक्षकांतून उठून तिची बाजू मांडली, आणखी एक-दोघे उभे राहिले, वाद बराच वेळ चालला. शेवटी प्रश्न रद्द झाला, दुसरा विचारला गेला आणि तिचा संघ हरला. त्या सभागृहात सर्वात नीट वाचलेली तीच होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता हे झालं कसं ते बघा. स्टर्नने मुखवट्यामागचा माणूस कोण हे सांगितलं नाही आणि १९८४ मध्ये त्याने मालिका सोडली. कथा टॉम डीफाल्कोकडे गेली, रहस्य लांबत गेलं. फेब्रुवारी १९८७ च्या ‘स्पायडर-मॅन व्हर्सेस वुल्व्हरीन’ या स्वतंत्र अंकात डेली ब्यूगल या वर्तमानपत्राचा वार्ताहर नेड लीड्स बर्लिनमध्ये मारला गेला. त्यानंतर जून १९८७ च्या २८९व्या अंकात पीटर डेव्हिडच्या लेखणीतून आपल्याला कळलं की तो मेलेला लीड्सच हॉबगॉब्लिन होता. म्हणजे रहस्य उलगडलं तेव्हा गुन्हेगार आधीच मेलेला. समोरासमोर मुखवटा उतरवण्याचा प्रसंगच नाही! त्या काळच्या वाचकांची किती निराशा झाली असेल याची कल्पना करा.

स्टर्नला हे कधीच पटलं नव्हतं, आणि त्याचं कारण बिनतोड आहे. हॉबगॉब्लिनने ऑस्बॉर्नचं रसायन वापरून अफाट ताकद मिळवली होती. तो स्पायडर-मॅनशी बरोबरीने लढायचा. असा माणूस साध्या भाडोत्री मारेकऱ्यांच्या हातून मरेल कसा? १९९७ मध्ये ‘हॉबगॉब्लिन लिव्ह्ज’ ही तीन अंकांची मालिका स्टर्नने स्वतः लिहिली आणि मूळ उत्तर मांडलं. खरा हॉबगॉब्लिन रॉडरिक किंग्सली, फॅशनच्या धंद्यातला कोट्यधीश. तो १९८० पासून ‘स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन’मध्ये डोळ्यांसमोर होता. लीड्स त्याच्या मागावर गेला, पकडला गेला, आणि किंग्सलीने त्याच्या मनाचा ताबा घेऊन त्याला सोंग म्हणून वापरलं. हे सगळं उकरून काढण्यात नेडची विधवा बेटी ब्रँट पुढे होती. नवऱ्याच्या नावावरचा डाग तिने पुसला. मला ही मालिका मनापासून आवडते ती तिच्यामुळे.

म्हणून ‘पहिला लीड्स’ म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो: तुम्ही कोणत्या सालापर्यंतचं वाचून बोलताय? १९८७ ते १९९७ या काळात लिहिलेलं सगळं लीड्सचं नाव घेतं, आणि त्या लेखकांची त्यात चूक नाही. चूक आहे ती जुनी यादी आज जशीच्या तशी उतरवणाऱ्याची. माझी सवय साधी आहे. वहीत एका रेघेवर अंकाचं साल, त्याच्यापुढे ‘वाचकाला काय सांगितलं’ आणि त्याच्यापुढे ‘गोष्टीत खरं काय होतं’ असं पेन्सिलीने लिहितो. पेन्सिल यासाठी की मार्व्हलवाले पुन्हा बदलतील. दहा मिनिटांच्या व्हिडिओत सगळं ‘समजून’ घेणाऱ्यांना ही वही कंटाळवाणी वाटते. वाटू दे. हॉबगॉब्लिन समजायचा असेल तर काळाचे हे दोन पदर वेगळे ठेवावेच लागतात.

तोतयांना वारसांत मोजणं

‘हॉबगॉब्लिन किती?’ या प्रश्नाला तीनपासून नऊपर्यंत उत्तरं मिळतात ती या चुकीमुळे.

किंग्सलीची सगळी कार्यपद्धतीच तोतयांवर उभी आहे. रसायन स्वतः घेण्याआधी त्याने ते लेफ्टी डोनोव्हन नावाच्या गुंडावर चालवून पाहिलं, त्याला हॉबगॉब्लिनचा पोशाख चढवला आणि स्पायडर-मॅनसमोर सोडलं. २४५व्या अंकात डोनोव्हनला आपण कोण हे आठवू लागताच त्याचं ग्लायडर इमारतीवर आदळवून त्याला संपवलं. १९८६ मध्ये २७६व्या अंकात पीटर पार्करचा, म्हणजे स्पायडर-मॅनचा, जुना शाळासोबती फ्लॅश थॉम्प्सनला पोशाखात अडकवून पोलिसांच्या हाती दिलं. फ्लॅशचा गुन्हा काय, तर त्याने टीव्हीवर हॉबगॉब्लिनची टर उडवली होती. मग लीड्स. आणि स्वतःचा दिसायला हुबेहूब भाऊ डॅनियल, ज्याला तो हवं तेव्हा स्वतःच्या जागी उभा करायचा. फेब्रुवारी १९८४ च्या २४९व्या अंकात हॉबगॉब्लिन श्रीमंतांच्या क्लबात धमक्या देतो तेव्हा धमकावलेल्यांत ‘किंग्सली’ही आहे. अनेक वाचकांनी तिथेच त्याचं नाव संशयितांतून खोडलं. भावाची युक्ती नेमकी त्यासाठीच होती.

आता सांगा, डोनोव्हन आणि फ्लॅश यांना ‘दुसरा’ आणि ‘तिसरा’ हॉबगॉब्लिन कसं म्हणायचं? पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला म्हणून भाऊ दोन होते असं कोणी म्हणत नाही. यादी करणारे मात्र कोणाच्याही अंगावर तो नारिंगी झगा दिसला की आकडा वाढवतात. एकदा एका हौशी संपादकाने माझ्याकडे तपासायला पाठवलेल्या तक्त्यात फ्लॅश थॉम्प्सनसमोर ‘कार्यकाळ’ असा रकाना भरला होता! मी तो तक्ता परत पाठवला आणि आधी २७६ ते २८९ हे अंक वाचा असं कळवलं. त्याने वाचले, आणि नंतरचा तक्ता खरोखर चांगला होता. माणसं शिकतात, फक्त आधी वाचायला हवं.

मी तीन प्रश्न विचारतो. मुखवटा घालणाऱ्याने तो स्वतःच्या मर्जीने घातला का? त्या नावाने त्याने स्वतःचे उद्योग केले का? आणि नाव हातात येण्यामागे चोरी, खून किंवा सौदा होता का? डोनोव्हन, फ्लॅश, लीड्स पहिल्याच प्रश्नाला गळतात. डॅनियल भावाच्या दबावाखाली सोंग वठवतो, तोही गळतो. उरतो किंग्सली, आणि त्याच्या पुढचे दोघे.

जेसन मॅकेन्डेल हा आधी जॅक ओ’लँटर्न म्हणून वावरणारा भाडोत्री सैनिक. हॉबगॉब्लिनला मारण्यासाठी फॉरेनर या मारेकऱ्याला पैसे मोजले ते यानेच, आणि मग नाव-पोशाख बळकावला. त्याला वाटत होतं की खरा हॉबगॉब्लिन मेला. मेला होता तो तोतया. चुकीच्या माणसाचा खून करून मिळवलेलं नाव हा माणूस दहा वर्षं मिरवत राहिला, आणि १९९७ मध्ये किंग्सलीने तुरुंगाच्या कोठडीत घुसून त्याला ठार केलं. त्याला ‘दुय्यम हॉबगॉब्लिन’ म्हणून हिणवण्याची फॅशन आहे, मला ती मान्य नाही. रसायनाची ताकद नाही म्हणून धडपडणारा, ‘इन्फर्नो’ या मार्व्हलच्या कथेत राक्षसाशी सौदा करून बसलेला मॅकेन्डेल हा खलनायक म्हणून फारसा यशस्वी नसेल, पण त्या नावाच्या हावेने माणूस किती घसरतो हे त्याच्याइतकं कोणी दाखवलेलं नाही.

फिल युरिक हा वार्ताहर बेन युरिकचा पुतण्या. २०११ च्या सुमारास त्याने त्या वेळच्या हॉबगॉब्लिनला मारून मुखवटा घेतला. मारला गेलेला पुन्हा भाऊ डॅनियलच निघाला. २०१२ मध्ये खरा किंग्सली परतला तेव्हा दोघांची झुंज झाली आणि तडजोड ठरली: युरिकने नाव वापरायचं आणि कमाईतला वाटा किंग्सलीला द्यायचा. म्हणजे नाव चक्क भाड्याने दिलं. पुढे ग्रीन गॉब्लिनने ‘हॉबगॉब्लिन’ला मारल्याचा प्रसंग येतो, तिथेही पोशाखात किंग्सलीचा नोकर क्लॉड असतो. इतक्या वेळा हाच डाव पाहूनही कोणी ‘किंग्सली मेला’ असं लिहिलं की मला ते अंक शेवटपर्यंत वाचलेच नाहीत हे लगेच कळतं.

बाकीच्या, थोडक्यात

फिल युरिक दोन याद्यांत येतो. १९९५ मध्ये तो ग्रीन गॉब्लिन होता, तोही नायक म्हणून, स्वतःच्या नावाच्या मासिकात. दोन्ही नोंदी बरोबर आहेत, एक खोडू नका.

डेमोगॉब्लिन हा हॉबगॉब्लिनचा वारस नाही. मॅकेन्डेलच्या अंगातला राक्षस वेगळा झाला, तो तो.

१९९४ च्या कार्टून मालिकेत हॉबगॉब्लिन आधी येतो आणि ग्रीन गॉब्लिन नंतर. आवाज मार्क हॅमिलचा, आणि फार सुंदर. पण तो क्रम कॉमिक्सवर लादू नका. आपल्याकडे बऱ्याच जणांची या पात्राशी ओळख कार्टूनमधूनच झाली, त्यामुळे ही चूक चिवट आहे.

चित्रपटांतला नेड हा पीटरचा जिवलग मित्र आहे. ‘हा पुढे हॉबगॉब्लिन होणारच’ असं ठामपणे लिहिणारे आधी वरचा भाग वाचोत. कॉमिक्समधला नेडसुद्धा बळीच होता.

मुखपृष्ठावरचा महिना म्हणजे विक्रीचा महिना नव्हे. त्या काळी अंक मुखपृष्ठावरच्या तारखेच्या दोन-तीन महिने आधीच दुकानात यायचा. कोणता अंक आधी, यावरून भांडताना हे ध्यानात ठेवा.

२३८वा अंक विकत घ्यायचा असेल तर आत टॅटूचं पान आहे का ते विचारा. त्या अंकासोबत अंगावर उमटवायचे तात्पुरते टॅटू दिले होते, आणि बहुतेक मुलांनी ते काढून वापरले. ते पान नसेल तर अंक अपुरा समजतात आणि किंमत बरीच उतरते. विक्रेत्याकडून आतल्या पानांचे फोटो मागवल्याशिवाय पैसे देऊ नका, तो कितीही घाई करो.

आणि वाचायचं असेल तर या क्रमाने: २३८-२३९, २४४-२४५, २४९ ते २५१, मग २७६, मग बर्लिनचा तो स्वतंत्र अंक, मग २८९, आणि त्यानंतर ‘हॉबगॉब्लिन लिव्ह्ज’. किंग्सलीचं नाव मी वर सांगूनच टाकलं आहे, तरी २४९वा अंक उघडा आणि क्लबातल्या त्या प्रसंगात त्याच्यावर नजर ठेवा. स्टर्नने सगळं तिथेच मांडून ठेवलं होतं.