स्कॅनरवर जंगलखात्याचा रेडिओ कसा ऐकायचा

मी कॅलिफोर्नियात प्लेसरव्हिलला राहते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कॅल्डोरची आग एल्डोराडोच्या जंगलात पसरली, तेव्हा आमच्या अंगणात राख पडत होती आणि टीव्हीवर येणारी बातमी शिळी असायची. त्याच आठवड्यात मी युनिडेनचा बीसी१२५एटी हा हातात मावणारा स्कॅनर घेतला, म्हणजे एकेक फ्रिक्वेन्सी तपासत जाणारा आणि बोलणं सापडलं की थांबणारा रेडिओ. अजूनही ओळखीतलं कुणी डोंगराकडे घर घेतलं की पहिला फोन मला येतो, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिल्या दिवशी फक्त हवामान लावा. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सरकारी हवामान खात्याची सात चॅनेल्स आहेत, चोवीस तास चालू असतात. एक पकडा आणि तो आवाज ऐकत अँटेनाची जागा ठरवा. सोबत आलेली रबरी अँटेना काढून टेलिस्कोपिक, म्हणजे दांडी आतबाहेर सरकणारी, लावा. तिची लांबी पाव तरंगलांबीएवढी ठेवायची. १६५ मेगाहर्ट्झच्या आसपास ती ४५ सेंटिमीटर भरते, म्हणून मी दांडीवर तेवढ्या उंचीला लाल नेलपॉलिशची खूण केली आहे. अँटेना उभीच ठेवायची, खिडकीपाशी. फोनचा चार्जर आणि एलईडी दिवा लांब हवा. आमच्या स्वयंपाकघरातला एक दिवा लावला की निम्मा पट्टा नुसता खरखरतो.

मग दोन फ्रिक्वेन्सी कायमच्या भरून ठेवा. १६८.६५० वर आगीवरची विमानं आपला ठावठिकाणा कळवतात, त्याला नॅशनल फ्लाइट फॉलोइंग म्हणतात. १६८.६२५ म्हणजे एअर गार्ड, ती आणीबाणीसाठी. एअर गार्ड बहुतेक वेळ गप्प असते, तरी यादीतून काढू नका.

आपल्या जवळच्या जंगलाचं चॅनेल मात्र स्वतः शोधण्यातच खरी गंमत आहे. १६२ ते १७४ पट्टा घ्या, मोड एफएम, स्टेप (स्कॅनर एका वेळी किती पुढे सरकतो ते अंतर) १२.५ किलोहर्ट्झ. नवशिक्यांची चूक हमखास इथेच होते. जंगलखातं केंद्र सरकारचं, आणि केंद्र सरकारची चॅनेल्स १२.५ च्या अंतरावर आहेत. स्टेप ५ वर राहिली तर ९६० ठिकाणांऐवजी २४०० धुंडाळावी लागतात, शिवाय स्कॅनर चॅनेलच्या कडेला अडकून आवाज फाटका येतो. सकाळी ऐका. डिस्पॅचवाली, म्हणजे नियंत्रण कक्षातली, बाई आगीच्या हवामानाचा अंदाज वाचते, आर्द्रता नि वारा सांगते, पाठोपाठ टेहळणी बुरूज एकेक करून हजेरी देतात. स्कॅनर कुठे थांबला की वहीत वेळ, फ्रिक्वेन्सी आणि कानावर पडलेली गावांची, ओढ्यांची नावं लिहा. आठवडाभरात ते चॅनेल कोणत्या खोऱ्याचं, हे नावांवरूनच कळतं.

सैन्याची विमानं ऐकायची असतील तर २२५ ते ३८० मेगाहर्ट्झ, पण मोड एएम हवा. एफएमवर ठेवलात तर बोलणं दबकं नि विचित्र येतं. अँटेना २५ सेंटिमीटरपर्यंत आत ढकला. ट्रॅव्हिस या हवाई दलाच्या तळाची मोठी मालवाहू विमानं आमच्याकडे छान येतात.

गुरगुरल्यासारखा एकसुरी आवाज आला तर ते पी२५ डिजिटल आहे, या स्कॅनरला ते उलगडत नाही. डिजिटल स्कॅनर घेतला तरी कूटबद्ध बोलणं बंदच राहतं, आणि ते तसंच राहू द्या. फोडायचा प्रयत्न करणं हा इथे गुन्हा आहे. ऐकलेलं पुढे सांगण्यावरही कायद्याची बंधनं आहेत, म्हणून कुठला क्रू कुठे आहे हे मी ग्रुपवर टाकत नाही. आणि ऐकून आग बघायला गाडी काढायची नाही, रस्ते बंबांना मोकळे लागतात. सुट्टीवर भारतात जाताना स्कॅनर घरीच ठेवा, तिथे वायरलेस उपकरणांचे परवान्याचे नियम कडक आहेत.

जोराचा वारा सुटला की इथे वीज मुद्दाम बंद करतात. स्कॅनरला दोन डबल-ए सेल लागतात. जूनपासून मी भरलेले चार सेल, घर सोडावं लागलं तर उचलायच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवते, कागदपत्रांच्या शेजारी.