हायड्राचे थर मोजताना मी जिथे अडकलो

सोलापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत समोर हायड्रा या गोड्या पाण्यातल्या इवल्याशा प्राण्याच्या आडव्या छेदाची स्लाइड. "थर किती दिसतात?" सरांनी विचारलं. तीन पट्टे दिसले, मी "तीन" म्हणालो आणि न विचारता "म्हणजे त्रिस्तरीय" असंही जोडलं. ते गेलेले मार्क अजून सलतात.

इथे बरीच मुलं फसतात, म्हणून सावकाश वाचा. मधला पट्टा म्हणजे मेसोग्लिया. बाहेरच्या आणि आतल्या पेशींनीच स्रवलेला जेलीसारखा पदार्थ. हायड्रात त्यात पेशी नसतात. जेलीफिशमध्ये तो चांगला जाड असतो, त्यात भटक्या पेशीही सापडतात, तरीही तो जननस्तर (भ्रूणातला पेशींचा थर, ज्यातून पुढे अवयव घडतात) नव्हे. जननस्तर भ्रूणात मोजायचे, स्लाइडवर नाही! भ्रूणात बाह्यस्तर आणि अंतःस्तर एवढेच तयार झाले की प्राणी द्विस्तरीय. आपले स्नायू, हृदय, हाडं ज्यातून होतात तो मध्यस्तर तिथे नसतोच; तो असला की प्राणी त्रिस्तरीय.

मग स्नायू नसताना हायड्रा आखडतो कसा? त्याच दोन थरांतल्या पेशींच्या बुडाशी आकुंचन पावणारे तंतू असतात, बाहेरच्या थरात उभे, आतल्या थरात आडवे. ही आकृती स्वतःच्या हाताने काढा. क्लासच्या झेरॉक्स नोट्सवर विसंबू नका. "अरीय सममिती (चाकाच्या आऱ्यांसारखी मध्याभोवतीची रचना) म्हणजे द्विस्तरीय" हे सूत्र मी तिथूनच उचललं होतं. तारामासा मोठेपणी अरीय दिसतो, पण आहे त्रिस्तरीय. द्विस्तरीय म्हणून निडारिया (हायड्रा, जेलीफिश यांचा) आणि टीनोफोरा (कोंब जेलींचा) हे दोन संघ लक्षात ठेवा.

पहिल्या वाचनात डोक्यात शिरलं नाही तर घाबरू नका. जेलीफिशचे दोन थर आणि भ्रूणाचे थर यांचं नातं जोडायला १८४९ साली थॉमस हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञासारखा माणूस लागला होता.

माझी भीती मात्र पुस्तकाने नाही, लॅबमधल्या मामांनी घालवली. त्यांनी विहिरीतल्या पाणवनस्पती बरणीत घालून सावलीत ठेवायला लावल्या. आपल्याकडच्या उन्हात बरणी तापली की सगळं मरतं, हे त्यांनी दोनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी काचेला दोऱ्याच्या तुकड्यासारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं. मामा म्हणाले, "सुई हळूच लाव बघू." टोक लागलं मात्र, तो दोरा आखडून मोहरीएवढा गोळा झाला. मग बराच वेळ काही नाही. आणि नंतर एकेक शुंडक, म्हणजे तोंडाभोवतीचा दोऱ्यासारखा हात, पुन्हा बाहेर यायला लागलं.