प्रोस्टेटचं जुनं दुखणं: तपासणी, गोळ्या आणि घरच्या उपायांची सांगड कशी घालावी

ओटीपोटात किंवा अंडकोष आणि गुदद्वाराच्या मधल्या जागी ठणका, घडीघडी लघवीला जाणं, वीर्यस्खलनानंतर दुखणं. यातलं काही ३ महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर ‘उन्हाळी लागली’ म्हणून धन्याच्या पाण्यावर काढू नका. मूत्राशयाखालच्या अक्रोडाएवढ्या प्रोस्टेट ग्रंथीचं किंवा तिच्याभोवतीच्या स्नायूंचं हे दुखणं असू शकतं. तिशी-चाळिशीच्या गड्यालाही होतं. हा कर्करोग नव्हे. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’वाल्याकडे तर मुळीच जाऊ नका.

आधी लघवी तपासा, मग गोळी

अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) करा. पहिली धार सोडून मधली धार डबीत घ्या. घरून डबी भरून एसटीने तालुक्याला नेऊ नका. लघवी दोन तासांत लॅबमध्ये पोचली नाही, तर उन्हात बाहेरचे जंतू वाढतात आणि रिपोर्ट चुकतो. नमुना लॅबमध्येच द्या. गरज वाटल्यास डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात, हलका दाब देतात आणि त्यानंतरची लघवीही तपासायला पाठवतात. संकोच वाटेल, पण निदान यातूनच होतं. ग्रामीण रुग्णालयात सोय नसेल तर सेवाग्राम किंवा नागपूरच्या मेडिकलला चिठ्ठी मागा.

रिपोर्टप्रमाणे औषध

जंतू सापडले तर साधारण ४ ते ६ आठवड्यांचा कोर्स असतो. बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी गोळी नुसत्या दुधासोबत घेऊ नका. टाचेमागची शीर दुखू लागली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना विचारा.

पण दहातल्या जवळपास नऊ जणांत जंतू सापडतच नाहीत. डॉक्टर सुरुवातीला एखादा कोर्स देतीलही. फरक पडला नाही, तर दुकानातून तीच पट्टी पुन्हा पुन्हा आणण्यात पैसा जातो आणि पुढे खऱ्या जंतूवर औषध चालेनासं होतं, हे मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं. अशा वेळी टॅमसुलोसिनने लघवी सुटायला मदत होते. ही गोळी घेतल्यावर उठताना चक्कर येऊ शकते, तेव्हा खाटेवरून हळू उठा. वेदनाशामक गोळ्या रोजच्या रोज नकोत. मे महिन्यात शेतात पाणी कमी पडलेल्या अंगाला त्या किडनीवर जड जातात.

घरी रोज काय करायचं

मोठ्या टबात किंवा गंगाळात कोमट पाणी घेऊन १०-१५ मिनिटं बसा. मग सतरंजीवर पाठीवर पडा, गुडघे वाकवा, पोटावर हात ठेवा. श्वास घेताना पोट वर येऊ द्या आणि लघवी सुरू होताना खालचा भाग जसा सैल पडतो तसा सोडा. आवळायचं नाही. या दुखण्यात बरेच जण नकळत तिथले स्नायू दिवसभर ताठ ठेवतात, त्यामुळे आवळण्याच्या व्यायामाने दुखणं वाढू शकतं. फिजिओथेरपिस्ट मिळाला तर त्याच्याकडून हे नीट शिकून घ्या.

ट्रॅक्टर किंवा फटफटीवर लांब बसायचं असेल तर मधे उतरून चाला. मिरचीचा झणझणीत रस्सा, चहा आणि दारू दोन आठवडे बंद करून बघा. फरक नसेल तर पुन्हा सुरू करा, सगळ्यांना पथ्य लागतंच असं नाही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका.

पूरक उपचार

क्वेर्सेटिन हे वनस्पतींतलं द्रव्य (५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, महिनाभर), परागकणांचा अर्क आणि अॅक्युपंक्चर यांनी काहींना आराम पडल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. गोखरू, चंद्रप्रभा वटी यांचा पुरावा तोकडा आहे. घ्यायचीच असतील तर नोंदणीकृत वैद्यांकडून आणि पावतीसह घ्या, आणि डॉक्टरांपासून लपवू नका. बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड किंवा जड धातू असू शकतात. एका वेळी एकच नवा उपाय सुरू करा आणि रोजचं दुखणं ० ते १० अंकांत वहीत लिहा. नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

वाट पाहू नये असं

थंडी वाजून ताप, लघवी पूर्ण तुंबणं, लघवीत रक्त. यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी १०८ ला फोन करा.