सामने खेळून आल्यानंतरचा आठवडा

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला खेळाडू अभ्यासात मागे पडतो तो सामन्यांमुळे, असा सगळ्यांचाच समज असतो. घरच्यांचा, वर्गातल्या मुलांचा, आमच्यातल्या काही प्राध्यापकांचासुद्धा. मी सोलापुरात रसायनशास्त्र शिकवते आणि पालक-शिक्षक योजनेत, म्हणजे एकेका शिक्षकाने काही मुलांकडे पालकासारखं लक्ष द्यायचं त्यात, माझ्याकडे बहुतेक वेळा जिमखान्याचीच, म्हणजे खेळातलीच, मुलं येतात. मला दिसतं ते वेगळं. स्पर्धेच्या चार-पाच दिवसांत जे बुडतं ते भरून निघतं. मुलं अडकतात ती परत आल्यानंतरच्या आठवड्यात.

तो आठवडा असा जातो. टीम पहाटेच्या गाडीने सोलापूर स्टेशनवर उतरते. तो दिवस झोपेत जातो, आणि जावाच. दुसऱ्या दिवशी पीडी सर, म्हणजे कॉलेजचे क्रीडा संचालक, प्राचार्यांच्या केबिनमध्ये सत्काराला बोलावतात, फोटो निघतात, पहिले दोन तास त्यात जातात. तिसऱ्या दिवशी मुलगा वर्गात बसतो तर फळ्यावर भलतंच चाललेलं असतं. शेजारच्याकडे वही मागावी तर त्याचीच अर्धी. प्रॅक्टिकलला गेला की मॅडम विचारणार, "मागचा प्रयोग कुठाय?" मग तो प्रॅक्टिकललाच येत नाही. चोरी केलेली नाही, काही नाही, तरी तोंड लपवत फिरतो. पुढच्या आठवड्यात आणखी एक प्रयोग राहतो आणि आता तर सांगायलाही लाज वाटते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत विषय हातचा गेलेला असतो, आणि त्याला वाटत राहतं की कबड्डीमुळे गेला.

म्हणून स्पर्धेला निघायच्या आधीच या आठवड्याची सोय लावून ठेवायची.

आधी सत्राचं वेळापत्रक समजून घ्या. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांत वर्ष दोन सत्रांचं असतं. पहिलं सत्र पावसाळ्यात सुरू होतं. तुम्ही जेमतेम वर्ग शोधून काढता तोवर आंतरमहाविद्यालयीन सामने लागतात. त्यातून विद्यापीठाच्या संघात निवड झाली की कॅम्प, आणि मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. ती राजस्थानात असेल, गुजरातेत असेल, नाहीतर आपल्याच राज्यात. अंतर्गत परीक्षा, सबमिशन आणि सत्र परीक्षाही याच्याच आसपास. बारावीत असं नव्हतं. तिथे वर्षाच्या शेवटी एकच मोठी परीक्षा, शेवटच्या दोन महिन्यांत मान मोडून अभ्यास केला की भागायचं. इथे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण सत्रभर थोडेथोडे गोळा होतात. ते शेवटी एकदम मिळत नाहीत, कुणाच्या ओळखीनेही नाही.

माझ्या मुलांना मी एक कागद करायला लावते. साधा फुलस्केप, आडवा धरायचा. डावीकडे आठवडे, मधे कॉलेजचं, म्हणजे अंतर्गत चाचणी, जर्नल तपासणी, सेमिनार. उजवीकडे खेळाचं, म्हणजे निवड चाचणी, कॅम्प, सामने. खेळाच्या तारखा पक्क्या नसतात, त्या पेन्सिलने लिहायच्या. मोबाइलच्या कॅलेंडरवर माझा विश्वास नाही, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकत्र डोळ्यांसमोर येत नाहीत. कागदाच्या दोन झेरॉक्स काढायच्या, एक पीडी सरांकडे, एक पालक-शिक्षकाकडे. दोन्ही बाजू एकाच ओळीत भरलेला आठवडा लगेच डोळ्यात खुपतो. त्या आठवड्याबद्दल आजच बोलून घ्यायचं.

बोलायचं म्हणजे काय, तर आधी कळवायचं. बहुतेक मुलं परत आल्यावर सांगतात, "मॅडम, मॅचला गेलतो." ते खरं असतं, पण तोवर चाचणी झालेली असते आणि गुण भरलेले असतात. जाण्याच्या आठवडाभर आधी असा निरोप पाठवायचा:

"नमस्कार सर. मी बी.एस्सी. भाग एक, रोल नंबर अमुक, खो-खो संघात आहे. पुढच्या सोमवारपासून शुक्रवारपर्यंत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहेत. गुरुवारचं प्रॅक्टिकल बुडेल. त्याच्या आधी किंवा नंतर दुसऱ्या बॅचबरोबर ते करता येईल का? जिमखान्याचं पत्र उद्या आणून देते."

एवढंच. यात माफी नाही, गयावया नाही. कधी जाणार, काय बुडणार आणि त्यावर तुमचा स्वतःचा तोडगा काय, हे तीन सांगितलं की नव्वद टक्के शिक्षक हो म्हणतात. नव्वद हा माझा अंदाज हो, मोजायला बसले नव्हते. आणि पत्र खरोखर आणून द्यायचं. हजेरी पंचाहत्तर टक्के लागते, आणि खेळासाठीची गैरहजेरी गृहीत धरायची तर कार्यालयाला कागद हवा. कॅप्टन देईल, पीडी सर देतील, असं म्हणत पत्र जिमखान्याच्या कपाटातच राहतं. स्वतः घ्या, स्वतः द्या, पोच म्हणून आपल्या प्रतीवर सही घ्या.

विज्ञान शाखेला आलेल्यांनी प्रॅक्टिकलची बॅच ठरते त्या दिवशी हजर राहायलाच हवं. बॅच बहुतेकदा रोल नंबरने लावतात, पण सुरुवातीला विनंती केली तर बदलून मिळते. तुमचा सराव पार्क स्टेडियमवर संध्याकाळी असेल आणि तुमची बॅच त्याच दिवशी शेवटची असेल, तर वर्षभर तुम्ही दोन्हीकडे उशिराच पोहोचणार. पंधरा दिवस गेले की बदल कुणी करत नाही.

प्रयोगशाळेतली एक बारीकशी गोष्ट सांगते, कारण ती खेळाडूंखेरीज कुणाच्या वाट्याला येत नाही. कबड्डीच्या मुलांच्या बोटांना कायम टेप असतो. टायट्रेशन करताना, म्हणजे एका द्रावणात दुसरं मोजून मिसळताना, ब्युरेट या उभ्या मापननळीच्या कॉकमधून, म्हणजे तोटीतून, द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं असतं, आणि टेप लावलेल्या अंगठ्याला तो अंदाज येत नाही. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाला फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं, तर यांच्या फ्लास्कमध्ये एकदम गडद राणी रंग. वाचन चुकतं, पुन्हा करावं लागतं, वेळ संपते. मग पोरगा शेजारच्याचं वाचन उतरवतो. त्यापेक्षा टेप काढून हात धुऊन बसा, किंवा कॉक दुसऱ्या हाताने धरायची सवय करा. दुखणं जास्त असेल तर सांगा, जोडीदाराबरोबर करू देतो आम्ही. उतरवलेलं वाचन आम्हाला लांबूनच ओळखू येतं.

आता प्रवासातला अभ्यास. पालकांना तो फार आवडतो. "गाडीत वाच की!" गाडीत संघ असतो, पत्ते असतात, शेंगाचटणी आणि कडक भाकरीचे डबे उघडलेले असतात आणि वरच्या बर्थवर कुणाचं तरी गाणं चाललेलं असतं. तिथे कुणी धडा वाचून संपवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पुस्तकांनी पिशवी जड करू नका. त्याऐवजी वर्गातला एक भरवशाचा मित्र किंवा मैत्रीण आधीच ठरवा, जी रोज संध्याकाळी फळ्याचे आणि वहीचे फोटो पाठवेल. हुशार पोर नसली तरी चालेल, रोज येणारी हवी. फोटो आले की फक्त मथळे बघायचे: आज काय शिकवलं, पान कुठलं. मग परत आल्यावर वर्गात बसताना सगळं परकं वाटत नाही, आणि तोंड लपवायची वेळही सहसा येत नाही.

परतल्यानंतरचा पहिला पूर्ण दिवस झोपेचा. दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी प्रयोगशाळेत डोकवायचं, वर्ग नंतर. बुडालेला प्रयोग कधी करता येईल ते विचारून तारीख घ्यायची. थिअरी घरी वाचता येते, प्रयोग घरी होत नाही. त्या आठवड्यात सराव अर्धाच ठेवा, असं मी पीडी सरांना स्वतः सांगते. ते कुरकुरतात, पण ऐकतात. थकलेल्या पायांना तसाही आराम लागतोच.

रोजच्या दिवसात अभ्यासाची वेळ कुठली, यावर मुलांचं आणि माझं जमत नाही. ती म्हणतात रात्री. पहाटे पाचला उठून होम मैदानावर धावलेलं पोर रात्री दहाला पुस्तक उघडतं आणि सव्वादहाला त्यावर डोकं टेकतं. माझं म्हणणं, तास संपल्यापासून संध्याकाळच्या सरावापर्यंतचा वेळ कॉलेजच्या ग्रंथालयात घालवा. सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. मार्चनंतर दुपारी मैदानावर कुणी जात नाही, आणि खोलीवर गेलात की झोपच लागणार. ग्रंथालयात पंखा असतो, थंड पाणी असतं. वीस मिनिटं टेबलावर डोकं टेकलंत तरी आमचे ग्रंथपाल काही बोलत नाहीत. बार्शी, मोहोळ, अक्कलकोटहून एसटीने येणाऱ्यांना तर दुसरी सोयीची वेळच नाही. परत जाताना बसायला जागा मिळेल याची खात्री कुणी द्यावी?

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, असतात, आणि त्यातले काही को-करिक्युलरचे, म्हणजे अभ्यासाला जोडून असलेल्या उपक्रमांचे. खेळ, योग, एनएसएस, एनसीसी त्यातच येतात. तुमच्या कॉलेजात हे क्रेडिट खेळातून कसे मिळतात आणि त्यासाठी कुठे नाव नोंदवावं लागतं, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. मैदानावर वर्षभर घाम गाळून या क्रेडिटसाठी दुसराच वर्ग लावून घेतलेली मुलं मी पाहिली आहेत.

फॉर्मचंही तसंच. परीक्षेचा फॉर्म आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज हे दोन्ही नेमके तुम्ही बाहेरगावी असताना सुरू होतात, असाच माझा अनुभव. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो आणि मोबाइल सामन्याच्या वेळी बॅगेत असतो. वडिलांचा नंबर दिलेला असेल तर ते शेतात. म्हणून निघण्याआधी पोर्टलवर एकदा लॉगिन करून पासवर्ड चालतो का ते बघा, आणि कागदपत्रांचे स्कॅन एका फोल्डरमध्ये ठेवा.

दुखापत झाली तर मात्र उलटंच होतं. घोटा मुरगळला की मुलगा मैदानावर येत नाही आणि वर्गातही येत नाही, खोलीत पडून राहतो. खरं तर अभ्यास भरून काढायला तेवढे दिवस हाताशी असतात. अशा मुलाला मी फोन करते, लंगडत ये म्हणते, तळमजल्यावर तास असेल तिथे बस. मैदान सुटल्यावर आपण कोण, हा प्रश्न त्याला खोलीत एकट्याला जास्त छळतो. वर्गात निदान शेजारी कुणीतरी बसलेलं असतं.

घरून विचारणा होतेच, खेळून पोट भरतं का म्हणून. त्यांना एवढं सांगा की महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी खेळाचं प्रमाणपत्र क्रीडा विभागाच्या उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं, आणि पदवी मागणाऱ्या पदांना पदवीही लागतेच. म्हणून प्रमाणपत्रं आणि गुणपत्रिका एकाच फाइलमध्ये ठेवा. मूळ प्रत क्लबमध्ये किंवा कोचकडे ठेवू नका. स्पर्धा झाली की प्रमाणपत्रावरचं तुमचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाशी अक्षरशः जुळतं का, ते तिथल्या तिथे, गाडीत बसण्याआधी बघा. आडनावातला एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून घ्यायला नंतर आयोजक शोधत फिरावं लागतं.