मानेच्या एक्स-रेवर बाक मोजताना या चुका टाळा

मानेच्या मणक्यांमधली गादी झिजलेल्या रुग्णाच्या रिपोर्टात ‘बाक (मानेचा पुढे झुकलेला नैसर्गिक वळसा) ४ अंशांनी कमी’ असं दिसलं, की आधी जुनी-नवी एक्स-रे फिल्म शेजारी लावून बघा. एवढा फरक बहुतेक वेळा मानेत नसतो. उभं राहण्यात असतो, नाहीतर मोजणीची रेघ मारण्यात.

सुरुवात फिल्मपासून. रुग्ण उभा, नजर समोर क्षितिजावर, खांदे सैल. हनुवटी थोडी खाली गेली तरी बाक सपाट दिसतो आणि तो स्नायूंच्या आखडण्याच्या नावावर खपतो. फॅसेट सांध्यांच्या (मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांच्या) कडा दुहेरी दिसत असतील तर मान वळलेली आहे; अशा फिल्मवर मोजायला बसू नका. एमआरआय रुग्ण आडवा असताना होतो, त्यामुळे त्यावरचा कोन उभ्या एक्स-रेच्या कोनाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

सर्वात जास्त घोळ सी७ वर, म्हणजे मानेच्या सातव्या, सर्वांत खालच्या मणक्यावर होतो. सी२-सी७ कॉब कोनासाठी (दुसऱ्या आणि सातव्या मणक्यावरच्या रेघांमधला कोन, म्हणजेच बाकाचं माप) दोन्ही मणक्यांच्या खालच्या एंडप्लेटवरून, म्हणजे गादीला लागून असलेल्या सपाट पृष्ठभागावरून रेघ जाते, आणि झिजेच्या मानेत तिथे पुढच्या कडेला अनेकदा हाड चोचीसारखं वाढलेलं असतं. रेघ त्या चोचीच्या टोकातून नेली की १६ मिलिमीटरच्या एंडप्लेटवर टोक २ मिलिमीटरने सरकतं आणि कोन ७ अंशांनी बदलतो. एंडप्लेटचा सपाट भाग पकडा, चोच सोडून द्या. खांद्यांच्या सावलीत सी७ बुडाला असेल तर अंदाजाने रेघ मारू नका. श्वास सोडायला लावून, खांदे खाली घेऊन फिल्म पुन्हा काढा. तरीही जमलं नाही तर सी२-सी६ मोजा आणि तसं स्पष्ट लिहा.

ओळंब्याचं माप, म्हणजे एसव्हीए: सी२ च्या मध्यातून सोडलेला ओळंबा सी७ च्या वरच्या-मागच्या कोपऱ्यापासून किती पुढे पडतो ते. इथे ४० मिलिमीटरची वरची मर्यादा सर्रास वापरली जाते, पण फिल्ममधल्या वाढीव आकाराचा हिशोब क्वचितच होतो. मान डिटेक्टरपासून (एक्स-रे टिपणाऱ्या पाटीपासून) २० सेंटीमीटर दूर असेल, तर खरे ३५ मिलिमीटर एक्स-रे ट्यूब डिटेक्टरपासून १८० सेंटीमीटरवर असताना सुमारे ३९ दिसतात आणि १०० सेंटीमीटरवर जवळजवळ ४४. मान तीच, शेरा मात्र बदलला! ठाऊक मापाचा गोल मार्कर मानेच्या मध्यरेषेच्या पातळीवर ठेवून कॅलिब्रेशन करा; डिटेक्टरला चिकटवलेला मार्कर उपयोगाचा नाही.

स्क्रीनवर नीट दिसावी म्हणून इमेज फिरवण्याची सवयही महागात पडते. कॉब कोनाला त्याचा काही फरक पडत नाही. पण टी१ स्लोप (मानेखालच्या, छातीच्या पहिल्या मणक्याच्या वरच्या एंडप्लेटचा आडव्या रेषेशी होणारा कोन) आणि ओळंबा आडव्या-उभ्या दिशेवरच टेकलेले असतात: इमेज २ अंश फिरली की १०० मिलिमीटर उंचीच्या मानेत ओळंबा साडेतीन मिलिमीटर सरकतो.

टी१ दिसत नसेल तर बरेच जण सी७ स्लोप घेतात. घ्या, पण टी१ च्या रकान्यात भरू नका.

शेवटी चिन्हं. काही सॉफ्टवेअर पुढे फुगलेला बाक उणे दाखवतात. टी१ स्लोप २८ आणि बाक उणे १२ असे आकडे ‘टी१ स्लोप वजा बाक’ या सूत्रात जसेच्या तसे घातले तर वजाबाकी ४० येते. खरं उत्तर १६. मात्र मान खरोखर उलट, मागच्या बाजूला फुगलेली असेल, तर तो कोन स्लोपमध्ये मिळवायचाच असतो. म्हणून आकडा घालण्याआधी फिल्मवर एक नजर टाका.