परराज्यातल्या मुलाची देखरेख त्याच्या गावी सोपवताना या चुका टाळा

बाल न्याय मंडळाचा, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या मंडळाचा, अंतिम आदेश झालेला असतो. मुलगा बिहारचा, तेलंगणाचा किंवा कर्नाटकचा. त्याला घरी पाठवायचं आणि पुढची देखरेख तिकडच्या परिवीक्षा अधिकाऱ्याकडे (प्रोबेशन ऑफिसरकडे) द्यायची. आदेशात याला दोन ओळी पुरतात, पण याच दोन ओळींत पोरं हरवलेली मी पाहिली आहेत. १२ वर्षं मी परिवीक्षा अधिकारी म्हणून काम करतोय आणि नव्याने रुजू झालेली मंडळी दर वर्षी त्याच चुका करताना दिसतात. पहिली चूक तर मी स्वतः केली आहे आणि ती एका सोळा वर्षांच्या पोराला भोवली.

पत्र गेलं म्हणजे काम झालं असं समजणं

२०१७ सालची गोष्ट. मुलगा बॅगा शिवायच्या कारखान्यात कामाला होता, घर बिहारमध्ये. जिल्हा सांगत नाही, नावही नाही. प्रकरण मोबाइल चोरीचं. मंडळाने चौकशी पूर्ण करून त्याला चांगल्या वर्तणुकीच्या परिवीक्षेवर, म्हणजे संस्थेत न ठेवता देखरेखीखाली, एका वर्षासाठी वडिलांच्या ताब्यात दिलं. वडील गावाहून आले, बंधपत्रावर अंगठा दिला आणि पोराला घेऊन गेले. मी तिकडच्या मंडळाला पत्र लिहिलं, आदेशाची प्रत जोडली, रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि फाइलवर 'देखरेख वर्ग' असा शेरा मारून ती कपाटात ठेवली.

पाच महिन्यांनी मंडळाने प्रगती अहवाल मागितला. माझ्याकडे काहीच नव्हतं. मी लिहून दिलं, 'मुलगा संपर्कात नाही.' त्यावर नोटीस निघाली. ती बजावायला तिकडचे पोलीस गणवेशात त्याच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, गेले. मुलाने काय केलं होतं हे तोवर गावात कोणाला ठाऊक नव्हतं, त्या संध्याकाळी सगळ्यांना कळलं. त्याने नववीत नाव घातलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत गेला नाही.

नंतर कळलं, बाप-लेक जिल्ह्याच्या ठिकाणी दोनदा जाऊन आले होते. दोन्ही खेपेला बापाची रोजी बुडाली. पहिल्या खेपेला 'या नावाचा कागद आलेला नाही' म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला बापाने जवळची आदेशाची प्रत दाखवली. ती मराठीत. समोरच्या माणसाला अक्षरं वाचता येत होती, अर्थ लागत नव्हता. आणि माझं पत्र? ते न्यायालयाच्या आवक विभागात पोहोचलं होतं, तिथून मंडळाकडे गेलंच नव्हतं. 'मुलगा संपर्कात नाही' हे माझं वाक्य साफ खोटं होतं. पोरगा दोनदा हजर झाला होता, आणि मी पाच महिन्यांत एक फोन केला नव्हता.

तेव्हापासून माझी एक पद्धत आहे, कोणी शिकवलेली नाही. वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे पाच रकाने असतात: फोन झाला, माणसाचं नाव कळलं, पत्र गेलं, पोच आली, पहिली भेट झाली. फोन पत्राच्या आधी. तिकडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात फोन करायचा आणि देखरेख नक्की कोण करणार त्याचं नाव घ्यायचं. 'संबंधित अधिकारी' नावाचा माणूस कुठल्याच कार्यालयात बसत नाही. पत्र त्या नावाने जातं, नावाखाली पद. मुलगा घरी पोहोचल्यावर पंधराव्या दिवशी मी बापाला किंवा आईला फोन करतो आणि एकच विचारतो, साहेब भेटले का? पाचवा रकाना भरेपर्यंत फाइल माझ्या टेबलावरच राहते. टेबल भरलेलं दिसतं, दिसू दे.

मराठी आदेशाचंही तेव्हाच शिकलो. राज्याबाहेर जाणाऱ्या प्रत्येक आदेशासोबत मी दोन पानी गोषवारा जोडतो. उत्तरेकडे हिंदीत, कर्नाटक-तेलंगणाकडे इंग्रजीत. मुदत कधी संपते, अटी कोणत्या, अहवाल कोणाला आणि किती दिवसांनी. मुदत संपण्याची तारीख आकड्यात लिहा. नुसतं 'एक वर्ष' लिहिलं की तिकडचं कार्यालय फाइल हाती पडल्या दिवसापासून मोजायला लागतं आणि मुलाच्या गळ्यात तीन-चार महिने फुकट पडतात.

चौकशी चालू असतानाच मुलाला गावी वर्ग करायला बघणं

'इथे त्याचं कोणी नाही, केसच तिकडे पाठवून देऊ.' भावना चांगली आहे, पण कायदा तसं करू देत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ९५ पूर्ण वाचा, परंतुकासकट, म्हणजे खाली 'परंतु' म्हणून जोडलेल्या अटींसकट. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला बाल कल्याण समिती चौकशीदरम्यान त्याच्या जिल्ह्यात पाठवू शकते. विधी संघर्षग्रस्त बालकाच्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाच्या, बाबतीत चौकशी पूर्ण होऊन अंतिम आदेश झाल्यावरच हस्तांतरण होतं. समितीचं काम केलेले लोक मंडळाकडे आले की हमखास इथे घसरतात.

त्याच कलमात दुसरी गोष्ट आहे, ती तर बहुतेक जण वगळतातच. हस्तांतरणाआधी मुलाच्या जिल्ह्यातल्या मंडळाशी विचारविनिमय करायचा असतो. ही शिष्टाई नाही, कायद्यातली अट आहे. आदेश करून मग कळवणं म्हणजे विचारविनिमय नव्हे. तशी वाट शोधणाऱ्यांना मी दर वेळी अडवतो, आणि अडवत राहीन.

मुलाला लवकर घरी पोहोचवायचं असेल तर एक मार्ग आहे, फक्त त्यात मेहनत आहे. चौकशी वेळेत संपवा. मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत ती पूर्ण व्हायला हवी. मंडळ कारणं नोंदवून फार तर दोन महिने वाढवतं. बहुतेक वेळा खोळंबा आपल्याच सामाजिक तपासणी अहवालाने होतो. तो पंधरा दिवसांत द्यायचा असतो. निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) बसून मुलाने सांगितलं ते लिहून काढलेला अहवाल मी अहवाल मानत नाही. पहिल्याच आठवड्यात तिकडच्या कक्षाला गृहभेटीची विनंती करा. त्या भेटीतून जे येतं, घर कसं आहे, कमावतं कोण, शाळा किती लांब, ते पुढे देखरेख सोपवतानाही कामी येतं. शिवाय तिकडच्या माणसाची ओळख आधीच झालेली असते. तोवर मुलगा जामिनावर सुटून घरच्यांकडे असेल तर फार बरं, पण ते जामिनाच्या अटींत बसवून घ्यायचं. त्याला हस्तांतरण म्हणू नका, कागदावर तर नाहीच.

कलम ९५ आणि ९६ यांची गल्लत हा याचाच धाकटा भाऊ. ९६ हे बालगृह, विशेष गृह अशा ठिकाणांहून दुसऱ्या संस्थेत पाठवण्यासाठी आहे. तो आदेश मंडळाच्या शिफारशीवरून राज्य शासन करतं, आणि संस्था राज्याबाहेरची असेल तर तिथल्या शासनाशी विचारविनिमय करूनच. अशा बदलीने मुलाचा संस्थेतला एकूण काळ वाढत नाही, हे कलमातच लिहिलं आहे.

आपल्याकडच्या अटी तशाच्या तशा तिकडे पाठवणं

'दर सोमवारी परिवीक्षा अधिकाऱ्यासमोर हजेरी' ही अट इथे लोकलने अर्ध्या तासावर राहणाऱ्या मुलाला ठीक आहे. गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून ६० किलोमीटरवर असेल तर मुलगा दुसऱ्या महिन्यात अट मोडणार, आणि अहवालात तो 'असहकार करणारा' ठरणार. व्यवसाय प्रशिक्षणाची अट घातली, केंद्र तालुक्यातच नाही. ठरावीक ठिकाणी जायला बंदी घातली, तर ते ठिकाण आपल्याच शहरातलं, जिथे तो आता राहणारच नाही.

मंडळापुढे अटी सुचवण्याआधी तिकडच्या अधिकाऱ्याला विचारा, तुमच्याकडे काय जमेल? मला एकदा गोंदियाच्या सीमेपलीकडच्या एका अधिकाऱ्याने सांगितलं होतं की त्या गावात तो महिन्यातून एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी जातोच, तिथेच भेटतो. आम्ही तसंच लिहून घेतलं. ती अट मुलाने एकदाही चुकवली नाही.

पत्ता एकच घेणं, आणि 'चाचा'वर विश्वास ठेवणं

आधार कार्डावरचा पत्ता उतरवून घेतला की पत्ता मिळाला असं धरू नका. बीडचं उदाहरण घ्या. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातला मुलगा हंगामात कर्नाटकात एखाद्या प्रकरणात सापडतो. तिकडचं मंडळ त्याला आईवडिलांच्या ताब्यात देतं आणि देखरेखीचे कागद जानेवारीत गावच्या पत्त्यावर येतात. गावात घराला कुलूप, शेजारी आजी. कुटुंब दिवाळीनंतर गेलेलं, परतणार मार्च-एप्रिलमध्ये. इकडचा अधिकारी 'घर बंद, मुलगा आढळला नाही' असं लिहून मोकळा होतो. मुलगा आईबापाबरोबर फडावर आहे, हे त्या आजीला विचारलं असतं तरी कळलं असतं. म्हणून मी दोन पत्ते घेतो आणि प्रत्येकापुढे महिने लिहितो. मुकादमाचा नंबर घेतो, पण आईचा नंबर मिळाल्याशिवाय उठत नाही.

चाचाचंही तसंच. कारखान्यात कामाला असलेल्या मुलाला न्यायला येणारा चाचा पुष्कळदा नात्यातला नसतो, त्याला कामावर आणणारा ठेकेदार असतो. त्याच्या ताब्यात दिलेला मुलगा गावी पोहोचत नाही. तो दुसऱ्या गल्लीतल्या दुसऱ्या कारखान्यात पोहोचतो. मुलाला चाचापासून दूर बसवून विचारा, यांच्या घरी तू कधी जेवलास? आणि आईशी व्हिडिओ कॉलवर बोला, तिला चाचाचा चेहरा दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे. हे टाळणाऱ्यांबद्दल माझ्या मनात जराही सहानुभूती नाही.

सोबत जाणाऱ्या पथकाची तयारी शेवटच्या दिवशी करणं

मुलाला पोहोचवायचं असेल तेव्हा मंडळ विशेष बाल पोलीस पथकाला आदेश देतं आणि तो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मुलाला न्यायचं असतं. मुलगी असेल तर सोबत महिला पोलीस अधिकारी हवीच. पथक उपलब्ध नसेल तर मुलगा राहतो त्या संस्थेचे किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे कर्मचारी. प्रवासभत्ता आगाऊ द्यायचा, असं कायदाच सांगतो. तरी आदेशानंतर दहाव्या दिवशी कोणीतरी रेल्वेचं आरक्षण बघायला घेतो, मिळते ती प्रतीक्षा यादी आणि सगळं पुढे ढकललं जातं. आदेश झालेला, सुटका ठरलेली, आणि पोरगा तिकिटासाठी निरीक्षणगृहात खिडकीशी बसून असतो. अंतिम आदेशाची तारीख दिसू लागली की त्याच आठवड्यात पथकाशी बोलून ठेवा. साधे कपडे आणि बेड्या नाहीत, हे पथकाला प्रत्येक वेळी सांगा, आधी सांगितलं असलं तरी.

मुलाच्या जिल्ह्यातल्या मंडळापर्यंत त्याला नेणं सोयीचं नसेल तर त्या राज्याच्या राजधानीतल्या मंडळाकडेही देता येतं. पण तिथून घरापर्यंतचा टप्पा कोण सांभाळणार ते ठरल्याशिवाय ही सोय वापरू नका.

आता थोडक्यात काही. चौकशी चालू असताना मुलगा १८ चा झाला म्हणून प्रकरण मोठ्यांच्या न्यायालयात जात नाही आणि फाइल बंदही होत नाही. आदेशाचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि 'तातडीचं होतं' हा बचाव नाही. पाकिटावर गुन्ह्याचं स्वरूप लिहू नका, गावात टपाल चार हातांतून जातं. शाळेच्या दाखल्यासाठी मुख्याध्यापकांना पत्र लिहिताना मंडळाचं नावसुद्धा लागत नाही. फिटच्या गोळ्या चालू असतील तर महिन्याभराच्या गोळ्या आणि चिठ्ठी सोबत द्या.

शेवटी, मुलाच्या वस्तू. निरीक्षणगृहात दाखल करताना जमा केलेलं आधार कार्ड, थोडे पैसे, कधी चांदीचा ताईत. सगळ्यांना वाटतं दुसऱ्या कोणी दिलं असेल, आणि गाडी सुटल्यावर कोणाच्या तरी लक्षात येतं. आधार नाही म्हणून तिकडे शाळेतला प्रवेश अडतो. मी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नोंदवही आणि पाकीट घेऊन मुलासमोर बसतो, एकेक वस्तू त्याच्याच हातात देतो आणि त्याची सही घेतो. आईचा आणि तिकडच्या अधिकाऱ्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला कागदही त्याच पाकिटात घालतो.